बॉब नाईट : विजय, शिस्त आणि वाद यांची चार दशके

अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या इतिहासात रॉबर्ट माँटगोमेरी नाईट, म्हणजेच बॉब नाईट, यांच्याइतके यशस्वी प्रशिक्षक मोजकेच झाले आणि त्यांच्याइतके वादग्रस्त त्याहूनही कमी. आर्मी, इंडियाना आणि टेक्सास टेक या तीन संस्थांच्या पुरुष संघांचे मार्गदर्शन करताना त्यांनी ९०२ सामने जिंकले. इंडियाना विद्यापीठाला तीन वेळा राष्ट्रीय विजेतेपद आणि अमेरिकेच्या संघाला १९८४ चे ऑलिम्पिक सुवर्णपदक मिळाले, ते त्यांच्या मार्गदर्शनाखाली. मात्र ज्या इंडियाना विद्यापीठात त्यांनी २९ हंगाम घालवले, त्याच विद्यापीठाने २००० मध्ये गैरवर्तनाच्या कारणावरून त्यांना पदावरून दूर केले. १ नोव्हेंबर २०२३ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, ब्लूमिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. त्या दिवशी जगभरच्या प्रसारमाध्यमांनी त्यांची दोन चित्रे शेजारीशेजारी मांडली : एक, १९७६ च्या अपराजित संघाचा शिल्पकार, दुसरे, १९८५ मध्ये भर सामन्यात मैदानावर खुर्ची भिरकावणारा संतप्त माणूस.

ही दोन्ही चित्रे खरी आहेत. खेळाडूंकडून कठोर आत्मसंयमाची अपेक्षा ठेवणाऱ्या या प्रशिक्षकाला स्वतःचा संताप आवरता आला नाही, आणि तो विजय मिळवून देत राहिला तोवर त्याला आवर घालण्याची तयारी संस्थेनेही दाखवली नाही. नाईट यांची कारकीर्द आजही अभ्यासली जाते, ती या दोन्ही कारणांसाठी.

महाविद्यालयीन बास्केटबॉलचे महत्त्व

भारतात आंतरविद्यापीठ स्पर्धा बहुधा मोजक्या प्रेक्षकांसमोर पार पडतात. अमेरिकेतील परिस्थिती पूर्णपणे निराळी आहे. तेथे विद्यापीठांचे बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉल संघ हे त्या त्या राज्याच्या अस्मितेचे विषय असतात. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटना, अर्थात एनसीएए, दरवर्षी मार्च महिन्यात बाद पद्धतीची राष्ट्रीय स्पर्धा भरवते. एक सामना हरला की हंगाम संपतो. अंतिम चार संघांत पोहोचणे हीच मोठी कामगिरी मानली जाते.

महाविद्यालयीन खेळाडू तीन-चार वर्षांत शिक्षण संपवून निघून जातात. प्रशिक्षक मात्र राहतो. त्यामुळे संघाची ओळख प्रशिक्षकाच्या नावाशी जोडली जाते. खेळाडूची शिष्यवृत्ती, त्याला सामन्यात मिळणारी संधी आणि व्यावसायिक संघाकडे जाण्याचा मार्ग या साऱ्यांवर प्रशिक्षकाचे वजन असते. इंडियाना हे तर बास्केटबॉलवेडे राज्य म्हणून ओळखले जाते. तेथील यशस्वी प्रशिक्षकाचे स्थान विद्यापीठाच्या अध्यक्षापेक्षाही वरचढ ठरू शकते, हे नाईट यांच्या उदाहरणाने स्पष्ट झाले.

ओहायो ते वेस्ट पॉइंट

नाईट यांचा जन्म २५ ऑक्टोबर १९४० रोजी ओहायो राज्यातील मॅसिलॉन येथे झाला. त्यांचे बालपण ऑरव्हिल या लहानशा गावात गेले. वडील रेल्वेत नोकरीला, तर आई शिक्षिका होती. ओहायो स्टेट विद्यापीठात फ्रेड टेलर यांच्या मार्गदर्शनाखाली ते खेळले. १९६० मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवणाऱ्या या संघात जेरी ल्युकस आणि जॉन हॅवलिचेक हे भावी दिग्गज होते. नाईट यांचे स्थान प्रामुख्याने राखीव खेळाडूचे होते. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी एनसीएए विजेतेपद मिळवणाऱ्या अगदी थोड्या व्यक्तींत पुढे त्यांची गणना झाली.

१९६२ मध्ये पदवी घेतल्यानंतर त्यांनी ओहायोतील कायाहोगा फॉल्स येथील शाळेत वर्षभर सहायक म्हणून काम केले. त्यानंतर ते लष्करात दाखल झाले आणि वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीच्या, म्हणजेच ‘आर्मी’च्या, संघाचे सहायक प्रशिक्षक बनले. १९६५ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यांच्याकडे मुख्य प्रशिक्षकपद आले.

अकादमीच्या छात्रांसाठी उंचीची कमाल मर्यादा होती. त्यामुळे बास्केटबॉलमध्ये मोलाचे समजले जाणारे अत्युंच खेळाडू या संघाला मिळणे शक्य नव्हते. नाईट यांनी ही उणीव बचाव, तंदुरुस्ती आणि चुका टाळण्याची सवय यांच्या बळावर भरून काढली. सहा हंगामांत आर्मीने १०२ सामने जिंकले. त्या संघातील एक बचावपटू आणि कर्णधार म्हणजे माइक शिशेव्स्की. पुढे ड्यूक विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून ते जगप्रसिद्ध झाले. नाईट यांना कायमचे चिकटलेले ‘जनरल’ हे टोपणनावही त्यांच्या लष्करी पार्श्वभूमीशी आणि करड्या शिस्तीशी जुळणारे होते.

इंडियानाचा सुवर्णकाळ

१९७१ मध्ये इंडियाना विद्यापीठाने त्यांची नियुक्ती केली. ब्लूमिंग्टन येथील सुमारे १७ हजार आसनांचे ‘असेंब्ली हॉल’ हे क्रीडागृह त्याच वर्षी सुरू झाले होते. दुसऱ्याच हंगामात, १९७३ मध्ये, संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारमध्ये पोहोचला.

१९७४-७५ च्या हंगामात इंडियानाने सलग ३१ सामने जिंकले. मात्र हंगामाच्या उत्तरार्धात प्रमुख खेळाडू स्कॉट मे याचा हात मोडला. विभागीय अंतिम सामन्यात केंटकीने इंडियानाला ९२-९० असे अवघ्या दोन गुणांनी हरवले. स्वतः नाईट यांच्यासह अनेकांच्या मते तो संघ पुढील वर्षीच्या विजेत्या संघाहूनही सरस होता.

पुढील हंगामात ती रुखरुख राहिली नाही. स्कॉट मे, क्विन बकनर, केंट बेन्सन, बॉबी विल्करसन आणि टॉम अॅबरनॅथी हे पाच खेळाडू त्या संघाचा कणा होते. २९ मार्च १९७६ रोजी फिलाडेल्फिया येथे झालेल्या अंतिम सामन्यात मिशिगनने मध्यंतरापर्यंत ३५-२९ अशी आघाडी घेतली होती. सामन्याच्या सुरुवातीलाच जखमी झालेला विल्करसन बाहेर पडला होता. तरीही उत्तरार्धात इंडियानाने सामना पूर्णपणे फिरवला आणि ८६-६८ असा विजय मिळवला. ३२ विजय आणि शून्य पराभव अशी त्या हंगामाची नोंद झाली. त्यानंतर पुरुषांच्या अव्वल श्रेणीत संपूर्ण हंगाम अपराजित राहून विजेतेपद मिळवणे एकाही संघाला साधलेले नाही. दोन हंगामांत ६३ विजय आणि एकच पराभव हा हिशेब आजही थक्क करणारा आहे.

खेळाचे तत्त्वज्ञान

नाईट यांच्या पद्धतीचा पाया दोन गोष्टींवर उभा होता. पहिली, प्रतिस्पर्ध्याला मोकळी जागा न देणारा, प्रत्येक खेळाडूने आपापल्या प्रतिस्पर्ध्याला जखडून ठेवण्याचा बचाव. दुसरी, ‘मोशन ऑफेन्स’ या नावाने ओळखली जाणारी आक्रमणाची रीत.

त्या काळी अनेक संघ ठरावीक चालींवर भर देत. कोणी कोठे धावायचे आणि चेंडू कोणाकडे द्यायचा, हे आधीच निश्चित असे. नाईट यांच्या संघात खेळाडूंना चालींऐवजी तत्त्वे शिकवली जात. चेंडू हाती नसलेल्या खेळाडूने सतत हालचाल करायची, सहकाऱ्यासाठी आडोसा उभा करायचा, बचाव करणारा कोणत्या बाजूला झुकला आहे हे पाहून दिशा बदलायची, आणि उत्तम संधी मिळेपर्यंत संयम सोडायचा नाही. पुढील हालचाल प्रतिस्पर्ध्याच्या प्रतिसादावर अवलंबून असल्याने तिचा आधी अंदाज बांधणे कठीण जाई. हॅंक आयबा आणि पीट न्यूवेल यांसारख्या ज्येष्ठ प्रशिक्षकांचे ऋण नाईट मान्य करत. मात्र या रीतीचा प्रसार अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांपर्यंत होण्यात त्यांचा स्वतःचा वाटा मोठा आहे.

बास्केटबॉलमध्ये मानसिक तयारीचे महत्त्व शारीरिक क्षमतेच्या चौपट असते, असे ते सांगत. या खेळपद्धतीत खेळाडूने स्वतः विचार करणे अपेक्षित होते. सरावात मात्र त्याच खेळाडूला प्रशिक्षकाच्या शब्दाबाहेर जाण्याची मुभा नव्हती. शिवीगाळ, जाहीर मानहानी आणि सरावातून हाकलून देणे हे प्रकार नित्याचे होते. काहींना त्यातून कणखरपणा लाभला; काहींनी विद्यापीठच सोडले. भविष्यातील महान खेळाडू लॅरी बर्ड १९७४ मध्ये इंडियानात दाखल झाला आणि काही आठवड्यांतच घरी परतला. मोठ्या विद्यापीठातील वातावरण मानवले नाही, असे त्यामागील कारण दिले जाते.

आणखी दोन विजेतेपदे आणि ऑलिम्पिक सुवर्ण

१९८१ मध्ये आयझाया थॉमसच्या बळावर इंडियानाने दुसरे विजेतेपद मिळवले. हंगामात नऊ पराभव पत्करलेल्या या संघाने अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलिनाला ६३-५० असे हरवले. त्याच दिवशी, ३० मार्च रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळीबार झाला होता आणि सामना खेळवावा की नाही, यावर सायंकाळपर्यंत खल सुरू होता.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकसाठी राष्ट्रीय संघाची धुरा नाईट यांच्याकडे आली. त्या वेळी अमेरिकेच्या ऑलिम्पिक संघात महाविद्यालयीन खेळाडूच असत. मायकेल जॉर्डन, पॅट्रिक युइंग, ख्रिस मुलिन आणि नाईट यांचा स्वतःचा शिष्य स्टीव्ह अल्फर्ड यांची निवड झाली. चार्ल्स बार्कली, कार्ल मलोन आणि जॉन स्टॉकटन यांना मात्र निवड चाचणीतूनच परत पाठवण्यात आले. सोव्हिएत संघाच्या बहिष्कारामुळे स्पर्धेची चुरस घटली होती. तरीही अमेरिकेने आठही सामने सहज जिंकले आणि अंतिम लढतीत स्पेनचा ९६-६५ असा पराभव केला.

तिसरे विजेतेपद १९८७ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे आले. त्या हंगामापासून महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये तीन गुणांचा फटका देशभर लागू झाला होता. नाईट या नियमाचे विरोधक होते. परंतु नियम आल्यावर त्याचा लाभ उठवण्यात त्यांनी कसूर केली नाही. सिराक्यूजविरुद्धच्या अंतिम सामन्यात अल्फर्डने असे सात फटके यशस्वी केले. अखेरच्या काही सेकंदांत कीथ स्मार्टने डाव्या बाजूने उडी घेत केलेल्या गोलामुळे इंडियानाने ७४-७३ असा निसटता विजय मिळवला.

वादांची मालिका

या यशाच्या जोडीने वादांची यादीही लांबत गेली. १९७९ मध्ये प्युर्टो रिकोतील सान हुआन येथे पॅन अमेरिकन क्रीडा स्पर्धेदरम्यान सराव मैदानावर एका पोलीस अधिकाऱ्याशी त्यांची झटापट झाली. अमेरिकेच्या संघाने सुवर्णपदक जिंकले. स्थानिक न्यायालयाने मात्र नाईट यांना त्यांच्या अनुपस्थितीत दोषी ठरवून सहा महिन्यांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. इंडियाना राज्याने त्यांना प्युर्टो रिकोच्या हवाली करण्यास नकार दिल्याने ती कधीच अमलात आली नाही.

२३ फेब्रुवारी १९८५ रोजी, परंपरागत प्रतिस्पर्धी परड्यूविरुद्धच्या घरच्या सामन्यात, पंचांच्या निर्णयाने संतापलेल्या नाईट यांनी लाल रंगाची प्लास्टिकची खुर्ची उचलून मैदानावर भिरकावली. परड्यूचा खेळाडू त्या वेळी फ्री थ्रोच्या तयारीत होता. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही. नाईट यांना मैदानाबाहेर काढण्यात आले. पुढे त्यांनी माफी मागितली आणि ‘बिग टेन’ या विभागीय संघटनेने त्यांना एका सामन्यासाठी निलंबित केले. दूरचित्रवाणीवर असंख्य वेळा दाखवले गेलेले ते दृश्य त्यांच्या नावाला कायमचे जोडले गेले.

त्यानंतरच्या, म्हणजे १९८५-८६ च्या, हंगामात त्यांनी पत्रकार जॉन फाइनस्टाइन यांना संघासोबत वावरण्याची मुभा दिली. त्यातून साकारलेले ‘अ सीझन ऑन द ब्रिंक’ हे पुस्तक प्रचंड खपले. सरावातील भाषा आणि खेळाडूंवरील मानसिक दडपण यांचे तपशील प्रथमच सर्वसामान्य वाचकांपुढे आले. नाईट या पुस्तकामुळे नाराज झाले. मात्र त्यानंतर वर्षभरात त्यांनी तिसरे विजेतेपद मिळवले आणि पुस्तकाने उपस्थित केलेले प्रश्न मागे पडले.

१९८७ च्या अखेरीस सोव्हिएत राष्ट्रीय संघाविरुद्धच्या प्रदर्शनीय सामन्यात पंचांशी वाद झाल्यावर त्यांनी आपला संघच मैदानावरून काढून घेतला. १९८८ मध्ये एनबीसी वाहिनीवर पत्रकार कॉनी चंग यांना दिलेल्या मुलाखतीत, तणावाविषयी बोलताना, त्यांनी बलात्काराचा दाखला अत्यंत असंवेदनशील रीतीने दिला. त्यावर देशभर संताप उसळला आणि विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष थॉमस एर्लिक यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली. तरीही नाईट यांच्या पदाला धक्का लागला नाही. समज, खेद, क्वचित एका सामन्याचे निलंबन, आणि मग पुन्हा पूर्ववत कारभार, असे चक्रच जणू ठरून गेले होते.

दुसरी बाजू

नाईट यांच्या समर्थकांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात खेळाडूंना चोरून पैसे देणे, परीक्षांत गैरप्रकार करणे आणि प्रवेशाचे नियम वाकवणे यांची प्रकरणे सातत्याने उघडकीस येत होती. अशा काळात नाईट यांच्या संघावर एनसीएएच्या नियमभंगाबद्दल मोठी कारवाई कधीही झाली नाही. वर्गात हजेरी लावणे सक्तीचे होते. चार वर्षे पूर्ण करणाऱ्या त्यांच्या खेळाडूंपैकी बहुतांश जण पदवी घेऊनच बाहेर पडले. नियम मोडून संघबांधणी करणाऱ्या सहव्यावसायिकांवर ते उघडपणे टीका करत. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी त्यांनी निधी उभारला आणि स्वतःही देणग्या दिल्या.

१९८१ च्या विजेत्या संघातील लँडन टर्नर त्याच वर्षी उन्हाळ्यात मोटार अपघातात जखमी झाला आणि त्याला कायमचे अपंगत्व आले. नाईट यांनी त्याच्या उपचारांसाठी निधी उभारण्यात पुढाकार घेतला आणि त्याची संघाशी असलेली नाळ तुटू दिली नाही. पुढील वर्षी बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाने टर्नरची प्रतीकात्मक निवड केली. अनेक माजी खेळाडू नाईट यांच्याविषयी अखेरपर्यंत कृतज्ञतेने बोलत राहिले, त्यामागे असे अनुभव होते.

म्हणूनच त्यांचे प्रकरण गुंतागुंतीचे ठरते. आर्थिक आणि शैक्षणिक व्यवहारांत काटेकोर असलेल्या माणसाचे सरावातील वर्तन तपासण्याची गरज अनेकांना वाटली नाही. एका क्षेत्रातील सचोटी ही दुसऱ्या क्षेत्रातील गैरवर्तनाची ढाल बनली.

उतरती कळा आणि ध्वनिचित्रफीत

१९९० च्या दशकाचा प्रारंभ आशादायक होता. १९९२ मध्ये इंडियाना पुन्हा अंतिम चारमध्ये पोहोचले. तेथे शिष्य शिशेव्स्की यांच्या ड्यूक संघाने ८१-७८ अशी मात केली. १९९३ मध्ये कॅल्बर्ट चेनीच्या नेतृत्वाखाली बिग टेनचे अकरावे आणि अखेरचे विजेतेपद मिळाले. १९९४ नंतर मात्र राष्ट्रीय स्पर्धेत संघ दुसऱ्या फेरीपुढे जाऊ शकला नाही. गुणवान खेळाडू मध्येच संघ सोडून जाण्याचे प्रमाण वाढले.

त्यांपैकीच एक होता नील रीड. मार्च २००० मध्ये सीएनएन आणि ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ यांच्या संयुक्त वृत्तात त्याने सांगितले, की १९९७ मधील एका सरावात नाईट यांनी आपला गळा धरला होता. नाईट यांनी हा आरोप फेटाळला. काही सहकाऱ्यांनी आणि चाहत्यांनी रीडच्याच हेतूंविषयी शंका घेतली. एप्रिलमध्ये त्या सरावाची ध्वनिचित्रफीत प्रसारित झाली. नाईट यांचा हात काही क्षण रीडच्या गळ्यावर असल्याचे तीत दिसत होते.

खेळाडूचा शब्द विरुद्ध प्रशिक्षकाचा शब्द, अशा लढतीत त्या दिवसापर्यंत निकाल जवळजवळ ठरलेलाच असे. चित्रफितीमुळे तो प्रथमच बदलला. विद्यापीठाने चौकशी केली आणि इतरही तक्रारी पुढे आल्या. १५ मे २००० रोजी अध्यक्ष माइल्स ब्रँड यांनी नाईट यांना तीन सामन्यांचे निलंबन आणि ३० हजार डॉलरचा दंड जाहीर केला. यापुढे कोणतेही गैरवर्तन खपवून घेतले जाणार नाही, अशी अटही घालण्यात आली.

बडतर्फी

ही अट चार महिनेही टिकली नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात असेंब्ली हॉलबाहेर नव्यानेच प्रवेश घेतलेल्या एका विद्यार्थ्याने नाईट यांना केवळ आडनावाने हाक मारली. नाईट यांनी त्याचा दंड धरून वडीलधाऱ्यांशी कसे बोलावे, याविषयी त्याला सुनावले. त्यात राग किती होता आणि उपदेश किती, यावर दोन्ही बाजूंची मते भिन्न होती. १० सप्टेंबर २००० रोजी ब्रँड यांनी नाईट यांच्या बडतर्फीची घोषणा केली. त्यामागे केवळ ही घटना नसून मे महिन्यानंतरही सुरू राहिलेले उद्धट आणि असहकाराचे वर्तन होते, असे त्यांनी स्पष्ट केले.

त्या रात्री हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले. अध्यक्षांच्या निवासस्थानासमोर निदर्शने झाली, पुतळे जाळण्यात आले. ज्याचा दंड धरला गेला होता, त्या विद्यार्थ्यालाच धमक्या येऊ लागल्या. तीन दिवसांनी नाईट यांनी विद्यापीठाच्या मैदानावर जमलेल्या हजारो समर्थकांचा निरोप घेतला. एका प्रशिक्षकाभोवती किती सत्ता एकवटली होती आणि तिला हात लावणे किती अवघड होते, हे त्या आठवड्यात साऱ्या देशाने पाहिले.

नाईट गेल्यावर संघ कोसळला नाही. त्यांचे सहायक माइक डेव्हिस यांच्याकडे सूत्रे आली आणि २००२ मध्ये, बहुतांशी नाईट यांनीच निवडलेल्या खेळाडूंच्या जोरावर, इंडियाना राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पोहोचले. तेथे त्यांना मेरीलँडकडून पराभव पत्करावा लागला. ब्रँड पुढे एनसीएएचे अध्यक्ष झाले.

टेक्सास टेक आणि विक्रम

मार्च २००१ मध्ये टेक्सास टेक विद्यापीठाने नाईट यांना पाचारण केले. लबक येथील या संघाला बास्केटबॉलमध्ये फारसे नाव नव्हते. नाईट यांनी पहिल्याच हंगामात संघाला राष्ट्रीय स्पर्धेत नेले आणि २००५ मध्ये अखेरच्या १६ संघांत स्थान मिळवून दिले. एका हंगामातील कामगिरी समाधानकारक न वाटल्याने त्यांनी त्या वर्षीचे सुमारे अडीच लाख डॉलरचे वेतन परत केले. तेथेही ग्रंथालयासाठी त्यांनी देणगी दिली. स्वभाव मात्र तसाच राहिला. २००४ मध्ये एका किराणा दुकानात विद्यापीठाचे कुलपती डेव्हिड स्मिथ यांच्याशी त्यांचा खटका उडाला आणि त्याबद्दल त्यांना समज देण्यात आली.

१ जानेवारी २००७ रोजी न्यू मेक्सिकोविरुद्ध ८८० वा विजय मिळवून त्यांनी नॉर्थ कॅरोलिनाचे डीन स्मिथ यांचा विक्रम मागे टाकला. ४ फेब्रुवारी २००८ रोजी, हंगाम सुरू असतानाच, त्यांनी राजीनामा दिला आणि संघाची सूत्रे त्यांचे पुत्र पॅट नाईट यांच्याकडे गेली. ९०२ विजयांचा त्यांचा विक्रम १५ नोव्हेंबर २०११ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मोडला गेला. तो मोडणारे होते माइक शिशेव्स्की. समालोचक म्हणून नाईट तेथे उपस्थित होते. विजयानंतर गुरू-शिष्यांनी एकमेकांना दिलेले आलिंगन, मधल्या काळातील दुरावा ठाऊक असलेल्यांना विशेष हृद्य वाटले.

वीस वर्षांनंतर

इंडियानाशी समेट व्हायला मात्र बराच काळ जावा लागला. २००९ मध्ये विद्यापीठाने त्यांना आपल्या क्रीडा सन्मान दालनात स्थान दिले, तेव्हा ते समारंभाला गेले नाहीत. २०१७ मधील एका रेडिओ मुलाखतीतही त्यांनी आपल्याला काढणाऱ्या पदाधिकाऱ्यांविषयीचा कडवटपणा लपवला नाही. ब्रँड यांचे २००९ मध्येच निधन झाले होते. नील रीडचाही २०१२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, मृत्यू झाला होता.

२०१९ मध्ये नाईट पुन्हा ब्लूमिंग्टन येथे राहावयास आले. ८ फेब्रुवारी २०२० रोजी, परड्यूविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात, थकलेल्या पावलांनी आणि माजी खेळाडूंच्या आधाराने ते असेंब्ली हॉलमध्ये आले. बडतर्फीनंतर या क्रीडागृहात त्यांचे ते पहिलेच पुनरागमन होते. क्विन बकनर आणि आयझाया थॉमस यांच्यासह जुने सहकारी सोबत होते. प्रेक्षकांनी उभे राहून केलेला जयघोष बराच वेळ थांबला नाही.

मूल्यमापन

नाईट यांनी बास्केटबॉलला दिलेले योगदान निर्विवाद आहे. त्यांची आक्रमणाची रीत आजही शिकवली जाते आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांनी पुढे स्वतःचे संघ घडवले. विजयासाठी नियम मोडावे लागत नाहीत, हेही त्यांनी दाखवून दिले.

वाद उरतो तो साधनांचा. कठोरपणामुळेच खेळाडू घडले, असे समर्थक म्हणतात. कठोरपणा आणि अपमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे टीकाकार सांगतात. शिशेव्स्की यांच्यासारख्या शिष्याने गुरूची तत्त्वे स्वीकारली, पण त्यांचा आक्रस्ताळेपणा उचलला नाही, आणि तरीही गुरूपेक्षा अधिक विजय मिळवले. हा दाखला टीकाकारांच्या बाजूने जातो.

त्याहून मोठा धडा संस्थांसाठी आहे. नाईट यांचा स्वभाव कोणापासून लपलेला नव्हता. १९७९ पासून तो सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. विद्यापीठाने निर्णायक पाऊल उचलले ते २००० मध्ये. तेव्हा शेवटच्या राष्ट्रीय विजेतेपदाला १३ वर्षे लोटली होती आणि खेळाडूच्या तक्रारीला चित्रफितीची साक्ष लाभली होती. विजयांचा ओघ आटला नसता किंवा ती फीत सापडली नसती, तर काय झाले असते, हा प्रश्न अमेरिकी क्रीडाक्षेत्राला पुढील अनेक प्रकरणांत पुन्हा पडला. प्रशिक्षकांच्या वर्तनाविषयी आज तेथे अधिक सजगता दिसते. तिच्यामागे अनेक कारणे आहेत. ब्लूमिंग्टनमधील त्या वर्षाच्या घडामोडी हे त्यांतील एक ठळक कारण होय.

कारकीर्द : संक्षिप्त नोंद

जन्म : २५ ऑक्टोबर १९४०, मॅसिलॉन (ओहायो)
निधन : १ नोव्हेंबर २०२३, ब्लूमिंग्टन (इंडियाना)
आर्मी (१९६५-७१) : १०२ विजय, ५० पराभव
इंडियाना (१९७१-२०००) : ६६२ विजय, २३९ पराभव
टेक्सास टेक (२००१-०८) : १३८ विजय, ८२ पराभव
एकूण : ९०२ विजय, ३७१ पराभव
राष्ट्रीय विजेतेपदे : १९७६, १९८१, १९८७
अंतिम चारमध्ये स्थान : १९७३, १९७६, १९८१, १९८७, १९९२
बिग टेन विजेतेपदे : ११
आंतरराष्ट्रीय सुवर्णपदके : पॅन अमेरिकन स्पर्धा १९७९, ऑलिम्पिक १९८४
बास्केटबॉल हॉल ऑफ फेममध्ये समावेश : १९९१